न्हाणीतला पहारा

आमच्या उंद्रीत वायरमन काकांचा आशीर्वाद ज्यानं घेतला असेल, त्याला तो उलट्या हाताचाच मिळालेला असणार. पाया पडलं की ते बोटांची मागची बाजू डोक्याला टेकवायचे, तीही जरा घाबरत, आणि चटकन काढून घ्यायचे. नव्या सुनांना वाटायचं, म्हाताऱ्याला आपण आवडलो नाही. तसं काही नव्हतं. विजेच्या खात्यात लाइनमन म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली आणि एक गोष्ट हाडात मुरली. कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा हात लावायचा तो उलटा. तळहात लावला आणि वस्तूत करंट असला, तर मूठ आवळते आणि माणूस चिकटतो. उलटा हात लावला तर झटक्यानं हात लांब जातो. म्हणून चहाचा ग्लास, दाराची कडी, तव्यावरची भाकर, बकरीची पाठ, सगळ्याला आधी उलटा हात. मुलीच्या लग्नात जावयाच्या गळ्यात हार घालायच्या आधी त्यांनी त्याच्या खांद्याला उलटा हात लावून पाहिला होता, असं काकू अजून सांगतात. जावई चांगला निघाला, म्हणून सांगतात.

दुसरी सवय हिच्याहून वाईट. खांबावर चढला की लाइनमन वरून ओरडतो, "लाइन बंद?" आणि खाली ट्रान्सफॉर्मरच्या पेटीपाशी, आम्ही तिला डीपी म्हणतो, उभा असलेला जोडीदार ओरडून सांगतो, "बंद." ते कानावर आल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. रिटायर झाल्यावर खांब सुटले, जोडीदार सुटले, विचारणं काही सुटलं नाही. बल्ब बदलायचा असो की मिक्सरची पिन लावायची असो, काका बटन बंद करणार, मग हात वर करून घरभर ऐकू जाईल असं विचारणार, "लाइन बंद?" काकू चुलीपुढून मान वर न करता म्हणायच्या, "बंद हाये, बंद हाये."

एकदा काकू चिखलीच्या बाजाराला गेलेल्या. मी ताकाची बरणी परत करायला गेले, तर काका मिक्सरची पिन हातात धरून उभे. किती वेळचे उभे होते कोण जाणे.

"पोरी, बंद म्हण वं."

"काका, बटन तुम्हीच बंद केलं ना? तुमाले दिसून राह्यलं ना?"

"दिसते. पण माणूस सोताच विचारून सोताच उत्तर द्याले लागला, का तो मेला म्हणून समज."

मी "बंद" म्हटलं. मग शेंगदाण्याची चटणी वाटली गेली. वाटीभर मलाही मिळाली.

आता मी कोण ते सांगते. मी बारावी सायन्स झालेली, तोंडानं फटकळ, आणि आमच्या बायांच्या बचत गटाची ड्रोन चालवणारी. आजूबाजूच्या दोन-तीन तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली आहे. फवारणीचा ड्रोन त्या कंपनीचा, चालवायला आमच्या गटाकडे. ट्रेनिंगला मी गेले होते, कारण गटात विमानाच्या आवाजानं घरात न पळणारी मी एकटीच. तिथल्या सरांनी पडद्यावर बॅटरी पेटल्याची चित्रं दाखवली आणि म्हणाले, चार्जिंग सुरक्षित जागी करा. सुरक्षित जागा म्हणजे कोणती, ते काही सांगितलं नाही.

आम्हाला वाटलं, अध्यक्ष मावशींची ओसरी. मावशी गटाच्या अध्यक्ष, त्यांचा शब्द मोठा, ओसरीही मोठी. पहिल्याच दिवशी तिथं चार्जर लावला आणि अर्ध्या तासात त्यांच्या भिंतीतली वायर वितळली. वास असा सुटला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. त्या वासावर वायरमन काका आले. बोलावलं कुणी नव्हतं. त्यांनी मेन बंद केला, भिंत हुंगली, चार्जर हुंगला, मावशींकडे पाहिलं आणि म्हणाले, "पंख्याच्या वायरवर तुमी चक्की चालवून राह्यले बाप्पा." मग त्या चार-पाच किलोच्या बॅटरीला उलटा हात लावून पाहिलं, तिला तान्ह्या लेकरासारखं दोन्ही हातांत धरलं आणि आपल्या घरी घेऊन गेले. ती परत ओसरीत आली नाही.

त्यांनी तिच्यासाठी जागा निवडली ती घरातली न्हाणी. मला वाटलं म्हातारा चळला. पण त्यांचं म्हणणं ऐका. न्हाणीला शहाबादी फरशी, चारी बाजूंनी दगड, लाकूड नाही, चिंधी नाही, वर खिडकी. "ते पेटलं तर दगडावर पेटाव," काका म्हणाले. त्यांनी नळ कापून बुच मारलं, आठ दिवस न्हाणी वाळवली, मीटरपासून जाड वायर आणली, तिला वेगळं बटन बसवलं आणि कोपऱ्यात वाळूच्या दोन बादल्या ठेवल्या. शिवाय पाण्याची बादली न्हाणीच्या दारातही आणायची नाही.

काकूंचा मात्र जीव गेला. परसात तट्टे उभे करून त्यांना आंघोळीची सोय करून दिली होती. मी दिसले की त्या सुरू व्हायच्या. "लगन होऊन आली तवापासून त्या न्हाणीत न्हाली मी. दोन लेकरं तिथं न्हाऊ घातले. आता या डब्ब्यानं मले बाहेर काढलं."

"तू पेटत नाई," काका आतून म्हणायचे. "तुले कुठंही आंघोळ करता येते."

यावर काकू जे म्हणायच्या ते मी लिहीत नाही.

न्हाणीच्या मागं त्यांनी अर्थिंगचा खड्डा खणला. कोळसा, मीठ, त्यात पट्टी, वर माती. अर्थिंग ओली लागते, म्हणून रोज सकाळी एक तांब्या पाणी. तर सकाळी असं दृश्य दिसायचं की अंगणात काकू तुळशीला पाणी घालतायत आणि परसात काका खड्ड्याला. काकू म्हणायच्या, पाणी घालता तर हात तरी जोडा. काका म्हणायचे, "मी याले पाणी देतो, हे मले वाचवते. मधात हात जोडाचं काय काम?"

बॅटरीबद्दल त्यांची वचनं गावात अजून चालतात. उडून आलेली बॅटरी तापलेली असते, तिला लगेच चार्जिंगला लावायची नाही. तर काकांचं वचन, "गरम बॅटरीले चार्जिंग अन् गरम डोक्याच्या माणसाले सल्ला, अर्धा तास थांबून." आठ-दहा दिवस काम नसलं तर बॅटरी पूर्ण भरून ठेवायची नाही, पूर्ण रिकामी पण नाही, निम्मी ठेवायची. त्यावर, "रिकामा ठेवला तर रुसते, भरून ठेवला तर फुगते, जावयाले अर्ध्यावर ठेवा." हे त्यांनी जावयासमोर सांगितलं. जावई हसला. चांगला निघाला म्हटलं ना मी. बॅटरी जराशी जरी फुगलेली दिसली, तर तिला चार्जर दाखवायचाही नाही. अशी एक निघाली, तेव्हा काकांनी तिला वाळूच्या बादलीत घालून बांधाच्या पलीकडे नेऊन ठेवलं आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत दोन दिवस कुणाला त्या बांधावरून जाऊ दिलं नाही. एका बैलजोडीलाही वळसा पडला.

आणि ड्रोन सुरू होत नसेल, तर त्याला ठोकायचं नाही. आमच्याकडं रेडिओपासून मोटरपर्यंत सगळं थापटीनं सुरू होतं, त्यामुळं ही शिकवण जड गेली. काका म्हणायचे, "मारू नोको. विचार." आणि पाच बोटं मोजायचे. बॅटरी कट्कन बसली का? आधी रिमोट लावला का, मग ड्रोन? ड्रोनचे हात सगळे उघडून खिट्ट्या लागल्या का? डोक्यावर मोकळं आभाळ आहे का, की झाडाखाली उभी आहेस? आणि शेवटचं, करंगळी, जवळ लोखंड आहे का? ड्रोनच्या पोटात होकायंत्र असतं, ते लोखंडानं भांबावतं आणि पडद्यावर लाल अक्षरं येतात. "पाच बोटं झाले अन् तरी सुरू झालं नाई, तर दोष यंत्रात नाई, तुह्यात." याचा मला भयंकर राग यायचा. एकदा उंद्रीच्या शिवारात मी तासभर खपले, पाचही बोटं दोनदा मोजली, काकांना फोनवर दोन वाक्यं सुनावली. शेवटी कळलं, रिमोटच चार्ज केलेला नव्हता. त्यांनी मला पहारा लावला.

पहारा म्हणजे काय, तर चार्जिंगला लावलेली बॅटरी कधीही एकटी सोडायची नाही, हा काकांचा पहिला नियम. कुणीतरी समोर बसलंच पाहिजे. मग ज्याची चूक होईल त्यानं पुढची बॅटरी पूर्ण भरेपर्यंत न्हाणीच्या दारात स्टुलावर बसायचं. मोबाइल काढून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. डबा काकूंजवळ. दर दहा मिनिटांनी बॅटरीला उलटा हात लावायचा. आणि न्हाणीच्या दाराला एक शाळेची पाटी टांगलेली, तिच्यावर खडूनं लिहायचं, "पहारा:" आणि पुढं आपलं नाव. स्वतःच्या हातानं. दुसऱ्यानं लिहिलेलं चालत नाही.

त्या पाटीवर सगळ्यांत जास्त वेळा माझंच नाव असायचं, हे कबूल करते. पण अध्यक्ष मावशींचा पहारा मी विसरणार नाही. एक बॅटरी त्यांच्या हातून ओल्या गवतात पडली. मावशींच्या नातवाचा मोबाइल एकदा हौदात पडला होता आणि तांदळात ठेवून बरा झाला होता. मावशींनी विचार केला, बॅटरी मोठी आहे, तांदूळ पुरणार नाहीत. त्यांनी ती ज्वारीच्या कोठीत पुरली. आणि गावभर शोधाशोध झाली तरी मान वर केली नाही, कारण सरप्राइज द्यायचं होतं. तिसऱ्या दिवशी सुनेनं दळणाला ज्वारी काढायला कोठीत हात घातला आणि किंचाळली. मावशी अध्यक्ष असल्या म्हणून काय, पाटीवर नाव आलं. स्टुलावर बसून त्या पाच मिनिटांत घोरायला लागल्या. काका शेजारी उभे राहिले आणि दर दहा मिनिटांनी "मावशी" म्हणून हाक मारत होते. म्हणजे मावशींनी बॅटरीचा पहारा दिला आणि काकांनी मावशींचा.

आता लिंबाचं सांगते, कारण खरी गोष्ट तीच.

वायरमन काका लिंबू-मिरचीचे वैरी. नोकरीत असताना गावोगावच्या डीपीला लोक लिंबं बांधायचे. लाइट सारखी जाते म्हणजे नजर लागली, असं म्हणून. काका प्रत्येक डीपीवरचं लिंबू काढायचे आणि खाली उभ्या माणसांना विचारायचे, "लिंबानं लाइट येते तर मी कायले आलो बे? माळीण पाठवाची ना." एका गावात यावरून त्यांना दोन तास डीपीवरच बसवून ठेवलं होतं, शिडी काढून. ते वर बसून तंबाखू खात राहिले, पण लिंबू परत बांधलं नाही.

अशा माणसाच्या न्हाणीत माझी आई लिंबू घेऊन आली.

झालं असं होतं. कंपनीच्या साहेबांचा निरोप आला. आमच्या ड्रोननं म्हणावी तेवढी फवारणी होत नाही, लोक भरवसा ठेवत नाहीत, तर एक प्रात्यक्षिक करा. तुरीच्या शेतात, शेतकऱ्यांसमोर. नीट उडाला तर ड्रोन उंद्रीत राहील. नाहीतर डोणगावचा गट मागून राहिला आहे, त्यांना देऊ. साहेबांना बोलायला काय जातं. माझ्यासाठी हे सोपं नव्हतं. ड्रोन गेला असता तर माझं काम गेलं असतं आणि माझ्या बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "तवा मंग जालन्याच्या पाहुण्यांले हो म्हणून टाकू." पाहुणे वाईट नव्हते. मुलगाही बरा होता म्हणे. पण मला ड्रोन उडवायचा होता. जमिनीवरून धूळ उठते आणि ते जड धूड अलगद वर जातं, तेव्हा मला जे वाटतं ते दुसऱ्या कशानं वाटलं नाही. हे बाबांना सांगायची सोय नव्हती.

तर आदल्या दिवशी आईनं चिखलीहून लिंबू, मिरच्या आणि बिब्बा असलेला तयार सर आणला आणि न्हाणीकडं गेली, ड्रोनही आता तिथंच ठेवलेला असायचा. काकांनी तिला दारातच अडवलं.

"वहिनी, ते पंख्यावर उडते. लिंबावर नाई."

"असू द्या ना भाऊ. पोरीची गोष्ट हाये."

"पोरीले येते उडवाले. लिंबाले नाई येत."

त्यांनी तो सर आईच्या हातातून काढून घेतला आणि परसाकडं गेले. फेकला. आई घरी येऊन रडली. मी काकांच्याच बाजूनं बोलले, फटकळपणा केला, आणि रात्रभर मला झोप लागली नाही.

सकाळी शेतात मांडव, भोंगा, सतरंज्या. शंभरेक माणसं असतील. बाया वेगळ्या बसलेल्या, त्यांत आई. साहेब पहिल्या खुर्चीवर, घड्याळ हातावर वरच्या बाजूला. काकांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. लोक जमण्याआधी त्यांनी मला चहा आणायला पाठवलं. मला नवल वाटलं, कारण ते शेतात चहा पीत नसत, आणि ड्रोनपाशी एकट्यानं थांबायचं नाही हा त्यांचाच नियम. मी चहा आणला. त्यांनी ग्लासाला उलटा हात लावला आणि चहा बांधावर ठेवून दिला.

मग मी रिमोट लावला, ड्रोन लावला, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. होकायंत्र.

पाच बोटं मोजली. चार बरोबर. करंगळीपाशी गाडं अडलं. लोखंड. काकांनी भोंगा हातात घेतला आणि सांगितलं, सगळ्यांनी दहा पावलं मागं व्हा. ट्रॅक्टर दूर न्या. लाल अक्षरं तशीच. "ज्याच्याजवळ लोखंड असंन त्यानं काढा." सतरंजीवर ढीग लागला. विळे, अडकित्ते, चाव्या, चुन्याच्या डब्या, पट्टे, कुणाचं कडं. एका माणसानं पट्टा काढला आणि मग पँट धरून उभा राहिला. एका आजोबांच्या पायात ऑपरेशनचा रॉड होता. ते स्वतःहून उठून म्हणाले, माह्या पायात हाये, पण तो निघत नाई. त्यांना धरून नाल्याच्या पलीकडे नेऊन उभं केलं. तिथून त्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून ते तिकडून विचारत राहिले, "उडलं का बे? उडलं का?"

लाल अक्षरं तशीच.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाले, "डोणगाववाल्यांले फोन लावून ठेवा." भोंगा चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. मी काकांकडं पाहिलं. ते घामानं भिजले होते. थंडीच्या दिवसांत. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला काही होतंय.

मी ड्रोनपाशी गुडघ्यावर बसले आणि पहिल्यापासून एकेक पाहायला लागले. ड्रोनच्या डोक्यावर एक लहान काळी दांडी असते, तिच्यावर टोपीसारखा गोल डबा, त्यातच होकायंत्र. त्या काळ्या दांडीला, टोपीच्या अगदी गळ्याशी, काळा दोरा गुंडाळलेला होता. चार वेढे. मधे एक बिब्बा. लिंबू नाही, मिरच्या नाहीत, म्हणून कुणाला दिसलं नव्हतं. मी दोरा ओढला तर बोटाला टोचलं. आत लोखंडाची तार. बाजारातले सर तारेतच ओवतात, वरून दोरा गुंडाळतात.

मी मान वळवून आईकडं पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून बसली होती. आई, काय करून ठेवलंस गं, असं मनात आलं आणि रागही आला आणि रडूही आलं. आता हे सगळ्यांसमोर निघालं असतं, तर गावानं तिला जन्मभर चिडवलं असतं, आणि काका तर काय बोलले असते देव जाणे. मी पाठ करून बसले, वेढे सोडवले, तार मुठीत घेतली आणि उठून बांधापर्यंत गेले. तिथं काकांच्या चहाचा थंड ग्लास होता, त्यात टाकली.

परत आले आणि मोठ्यानं म्हणाले, "काका, माह्या खिशात गाडीची चावी राह्यली होती. माहीच चूक. पहारा माहा."

लोक हसले. काकांनी माझ्या खिशाकडं पाहिलं, मग बांधावरच्या ग्लासाकडं. रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. ते एवढंच म्हणाले, "उडव."

लाल अक्षरं गेली. ड्रोन उठला. तुरीवर धुकं पसरत गेलं, पहिली ओळ, दुसरी ओळ, वळण, तिसरी. मी कुठंही चुकले नाही. चुकले असते तर सांगितलं असतं. नाल्यापलीकडून आजोबा ओरडले, "आता दिसलं, आता दिसलं." साहेबांनी डोणगाववाल्यांचा फोन उचलला नाही. ड्रोन उंद्रीत राहिला. मी घरी गेले तेव्हा आईला तारेचं काही विचारलं नाही. तिनं शिरा केला होता.

घरी जाण्याआधी मी न्हाणीच्या पाटीवर माझं नाव लिहून आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पहारा द्यायला गेले. तर स्टुलावर काका बसलेले.

बिस्किटाचा डबा त्यांच्या पायाशी उघडाच होता, आत त्यांचा मोबाइल. बॅटरी फरशीवर, चार्जर जोडलेला, पण भिंतीतलं बटन बंद. पाटीवर माझं नाव पुसलेलं होतं आणि त्या जागी त्यांच्या मोठ्या, तिरप्या अक्षरांत लिहिलं होतं, "वायरमन."

"काका, पहारा माहा हाये."

"तुहा नाई."

मी पाटीकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं. डोक्यात शिरायला मला वेळ लागला, कारण शिरण्यासारखं नव्हतंच ते.

"आईनं आणलेला?"

"तोच. फेकला नाई मी. खिशात ठेवला."

"अन् लिंबू?"

"काढून टाकलं. वजन होते." मग थोड्या वेळानं, "सरबत केलं त्याचं."

"काका, तुमी अन् लिंबू..."

"लिंबू नाई म्हटलं ना. बिब्बा." ते चिडले. "बिब्ब्यात लोखंड नसते. मिरचीत नसते. सगळं तपासलं मी. दोरा तपासला नाई. दोऱ्यात तार निघन, हे कोणाच्या बापाले माहीत?"

मला हसू फुटत होतं. डीपीवर दोन तास बसलेला माणूस, शिडी काढली तरी न हललेला, आणि चार वेढे देऊन बिब्बा बांधतो. मी बोलणारच होते. चांगलं झणझणीत काहीतरी जिभेवर आलं होतं. पण त्यांनी मान खाली घातली होती आणि उलटा हात बॅटरीवर ठेवला होता, चार्जिंग सुरू नसताना.

"काऊन बांधला, काका?"

परसात काकू तट्ट्यामागं आंघोळ करत होत्या, तांब्याचा आवाज येत होता.

"मी खांबावर चढलो ना पोरी," ते म्हणाले, "तवा दरवेळेस खाली कोणीतरी होता. मी विचारो, तो सांगे, बंद. मंग मी हात लावो. तू काल शंभर माणसाईत उभी होती. तुह्यापाशी विचाराले कोणी नाई अन् सांगाले कोणी नाई. मले भेव लागलं." आणि मग लगेच, रागानं, "इग्यानानं जाते का सगळं भेव? नाई जात."

मी बिस्किटाचा डबा ओढला आणि माझा मोबाइल त्यांच्या मोबाइलशेजारी ठेवला. कोपऱ्यातली वाळूची एक बादली ओढली आणि तिच्या काठावर बसले. काकांनी भिंतीतल्या बटनाकडं हात केला आणि थांबले. सकाळपासून थांबलेच होते. काकू आंघोळीला, उत्तर द्यायला घरात कुणी नव्हतं.

"लाइन बंद?" ते म्हणाले.

मी उठून पाहिलं. चार्जरची पिन, वायर, बटन. सगळं नीट पाहिलं.

"बंद."

मग त्यांनी बटन दाबलं, आणि आम्ही दोघं बॅटरी भरेपर्यंत बसलो.

आता काका देऊळगाव राजाला असतात, मुलीकडे, चांगल्या निघालेल्या जावयाच्या घरी. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे आणि गिझर लावायच्या आधी ते जिन्यात उभं राहून विचारतात. खालच्या मजल्यावरचे लोक आता न चुकता उत्तर देतात म्हणे. न्हाणी काकूंनी परत घेतली. चार्जिंगची खोली आता वेगळी बांधली, तिला फरशी आहे, वाळू आहे, पाटी आहे. पाटीवर जास्त वेळा माझंच नाव असतं.

रोज सकाळी शेतात गेले की मी पाच बोटं मोजते. मग ड्रोनपासून लांब जाते, खिशातून मोबाइल काढते आणि देऊळगाव राजाला फोन लावते. काका लगेच उचलतात. वाटच पाहत असतात.

"काका, लाइन बंद?"

"बंद," ते म्हणतात.

मग मी उडवते.